हायब्रिड घ्यावी का म्हणून आज लोक डोकं खाजवतायत, या गड्याने ती १९०० सालीच बनवली होती

मोठी, आरामशीर, भारीतली सेडान घ्यायला निघालेला माणूस सध्या एकाच प्रश्नापाशी अडतो. पेट्रोल घ्यावी की इलेक्ट्रिक?

पेट्रोल घेतली तर पंपावरचा आकडा बघून पोटात गोळा येतो. इलेक्ट्रिक घेतली तर घाटात, आडरानात चार्जिंग संपलं तर काय, ही धास्ती. मग शोरूमवाला हळूच तिसरा पर्याय पुढे करतो, प्लग-इन हायब्रिड. म्हणजे एकाच गाडीत इंजिन पण आणि मोटर पण. रात्री घरच्या प्लगला लावायची, रोजचं ऑफिस बॅटरीवर उरकायचं आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल आहेच.

ऐकायला एकदम ताजी आयडिया वाटते. पण खरं सांगायचं तर ही आयडिया सव्वाशे वर्षं जुनी आहे.

ज्या पोराने ती रस्त्यावर उतरवली तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, बाप पत्र्याचं काम करायचा. त्याचं आडनाव आज जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांच्या बॉनेटवर असतं.

फर्डिनांड पोर्शे.

आता या नावामागे फक्त गाड्या नाहीत. हिटलर आहे, रणगाडे आहेत, फसलेले लाखो गुंतवणूकदार आहेत आणि कंपनीतून बाहेर काढलेला एक ज्यू भागीदार पण आहे. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

बापाला पत्रा हवा होता, पोराला वीज

३ सप्टेंबर १८७५. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या बोहेमिया प्रांतात माफर्सडॉर्फ नावाच्या गावात फर्डिनांडचा जन्म झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात येतं.

वडील अँटन पोर्शे यांचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप होतं. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. पोराने हाच धंदा पुढे चालवावा हे घरात ठरल्यात जमा होतं, त्यामुळे फर्डिनांड दिवसभर बापाच्या हाताखाली हातोडा मारायचा.

पण पोराचं लक्ष भलतीकडे होतं. गावात एक गालिचे बनवणारी मोठी फॅक्टरी होती, गिन्झकी यांची. तिथे विजेचे दिवे होते. त्या काळी वीज म्हणजे जादूच. फर्डिनांड तिथे जाऊन तासन् तास ते सगळं बघत बसायचा. दिवसा वर्कशॉप आणि संध्याकाळी शेजारच्या रायशेनबर्ग शहरातल्या तांत्रिक शाळेत क्लास, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला.

बापाला हे खूळ अजिबात पटत नव्हतं.

पण १८९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, या पोराने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले. ज्या गावात घरोघरी रॉकेलचे कंदील होते तिथे पोर्शेंच्या घरात दिवा पेटला. त्याच वर्षी त्याची रवानगी व्हिएन्नाला झाली.

कॉलेजात चोरून बसणारा पोरगा

व्हिएन्नात त्याला बेला एगर या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. काम अगदी खालचं होतं. पण काही वर्षांतच तो तिथल्या टेस्टिंग विभागाचा प्रमुख झाला.

शिक्षणाचं काय? तर व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात त्याने रीतसर प्रवेश कधीच घेतला नाही. काम संपलं की तो तिथे जाऊन गुपचूप मागच्या बाकावर बसायचा आणि लेक्चर ऐकायचा. एवढंच काय ते त्याचं उच्चशिक्षण.

पुढे याच विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, हा भाग वेगळा.

व्हिएन्नात असताना त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. गाडीत मोटर एकीकडे असते आणि चाकं दुसरीकडे. मधे साखळ्या, पट्टे, गिअर, दांडे. या सगळ्यात ताकद वाया जाते, आवाज होतो, वस्तू तुटतात. मग मोटर थेट चाकातच बसवली तर?

चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये, बसणारी विजेची मोटर त्याने तयार केली. मधलं सगळं लटांबर गायब. आज ज्याला हब मोटर म्हणतात आणि जी आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकात असते, ती हीच कल्पना.

राजघराण्याचा बग्गीवाला आणि ४१० किलोची बॅटरी

त्याच काळात व्हिएन्नात लुडविग लोनर नावाचा मोठा आसामी होता. त्याची कंपनी राजघराण्यासाठी बग्ग्या बनवायची. घोड्यांचे दिवस संपत आलेत हे लोनरने ओळखलं होतं. पण पेट्रोलच्या गाड्यांचा धूर, वास आणि खडखडाट त्याला नको होता. त्याच्या गिऱ्हाइकांनाही तो चालला नसता. त्यामुळे त्याने इलेक्ट्रिक गाडीवर डाव लावला आणि त्यासाठी फर्डिनांड पोर्शेला उचललं.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे लोनर-पोर्शे इलेक्ट्रिक गाडी मांडली गेली. पुढच्या दोन चाकांत दोन मोटरी. ना गिअर, ना साखळी, ना धूर. बघणारे चाट पडले. पंचविशीच्या आतला हा पोरगा एका रात्रीत युरोपभर ओळखला जाऊ लागला.

पण गाडीत एक मोठी गोम होती. बॅटरी.

तेव्हा शिसं आणि आम्लाच्या बॅटऱ्या असायच्या. या गाडीतल्या बॅटरीचंच वजन ४१० किलो होतं. एवढं ओझं वाहून गाडी एका चार्जमध्ये जेमतेम ५० किलोमीटर जायची. आणखी लांब जायचं तर आणखी बॅटरी लागणार. आणखी बॅटरी म्हणजे आणखी वजन, आणि वजन वाढलं की वीज जास्त खाणार.

एका इंग्रज गिऱ्हाइकाने तर चारही चाकांत मोटर असलेली गाडी मागितली. पोर्शेने ती बनवून पण दिली. पण तिच्या नुसत्या बॅटरीचं वजन १,८०० किलोच्या घरात गेलं. म्हणजे गाडी कमी आणि शिशाचं गोदाम जास्त.

आज इलेक्ट्रिक गाडी घेताना जी धास्ती वाटते, तिच्याशी हा गडी १९०० साली झगडत होता.

बॅटरी कमी करा, पॉवर स्टेशन सोबत न्या

पोर्शेने उलटा विचार केला. बॅटरीत जास्त वीज साठवण्यापेक्षा गाडीतच वीज तयार केली तर?

त्याने दोन छोटी पेट्रोल इंजिनं घेतली, द दिऑं-बुताँ या फ्रेंच कंपनीची. प्रत्येक इंजिनाला एकेक जनरेटर जोडला. इंजिनाचा चाकांशी काही संबंध ठेवला नाही. इंजिनाचं काम एकच, जनरेटर फिरवायचा. जनरेटर वीज तयार करणार, ती वीज चाकातल्या मोटरींना जाणार आणि उरलेली बॅटरीत साठणार.

बॅटरी लहान झाली, पल्ला मात्र वाढला. ५० किलोमीटरवर दमणारी गाडी आता २०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकत होती.

या गाडीला नाव दिलं सेम्पर व्हिवस. लॅटिनमध्ये याचा अर्थ होतो सदैव जिवंत. बॅटरी संपली तरी न मरणारी गाडी. हायब्रिड गाडीचं यापेक्षा नेमकं नाव आजवर कुणाला सुचलेलं नाही.

हे सगळं १९०० सालचं. पुढच्याच वर्षी तिची सुधारलेली आवृत्ती विक्रीला आली, लोनर-पोर्शे मिक्स्ट. यात दोन छोट्या इंजिनांच्या जागी पुढे एक मोठं चार सिलेंडरचं डाइमलर इंजिन होतं. १९०२ साली ऑस्ट्रियातल्या एक्सेलबर्गच्या चढाच्या शर्यतीत पोर्शेने स्वतः मिक्स्ट चालवली आणि आपल्या गटात पहिला आला.

त्याच वर्षी सैन्याच्या कवायतीत राखीव दलातला ड्रायव्हर म्हणून त्याला बोलावणं आलं. गाडीत मागे बसला होता ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड. होय, तोच, ज्याच्या १९१४ मधल्या खुनावरून पहिलं महायुद्ध पेटलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पोर्शेची ही गाडी आणि आजची प्लग-इन हायब्रिड सेडान अगदी एकसारख्या नाहीत. पोर्शेच्या गाडीत इंजिन फक्त वीज तयार करायचं, चाकं फिरवायच्या मोटरीच. आजच्या बहुतेक प्लग-इन सेडानमध्ये इंजिन पण चाकं फिरवतं आणि मोटर पण, शिवाय बॅटरी बाहेरून चार्ज होते. पण दुखणं तेच आणि औषधही त्याच जातीचं.

मग ही गाडी चालली का नाही?

साधं कारण, पैसे.

मिक्स्ट गाडी महाग होती, जड होती आणि तिची देखभाल करणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. इंजिन, जनरेटर, बॅटरी, मोटर, सगळंच सांभाळायचं. चाकात मोटर असल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक धक्का आणि धूळ थेट मोटरीला. गिऱ्हाईक म्हणजे मोजके श्रीमंत लोक. प्रयोगांचा खर्च वाढत गेला आणि १९०६ साली पोर्शे लोनरला सोडून ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत तांत्रिक प्रमुख म्हणून गेला.

दुसरीकडे पेट्रोल गाडी सोपी होत चालली होती. १९०८ साली अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली आणि मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि हँडल मारून इंजिन चालू करायची कटकट संपली. हायब्रिड मोटारीचा विषय तिथेच मागे पडला. मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली हायब्रिड, टोयोटाची प्रियस, यायला १९९७ साल उजाडलं.

पोर्शे मात्र थांबला नाही. १९१० साली प्रिन्स हाइनरिख शर्यतीत त्याने स्वतः ऑस्ट्रो-डाइमलर चालवली आणि पहिला आला. पहिले तिन्ही नंबर त्याच्याच गाड्यांचे होते.

पहिल्या महायुद्धात त्याने हीच हायब्रिडची युक्ती सैन्याला विकली. पुढे एक इंजिनगाडी वीज तयार करणार आणि मागच्या डब्यांच्या चाकांतल्या मोटरी ती वापरणार, अशी रस्त्यावर चालणारी ट्रेनच त्याने बनवली. अजस्र तोफा डोंगराळ भागात ओढायला तिचा वापर झाला. धुराचा वास नको म्हणून सुरू झालेली गाडी आता तोफा ओढत होती.

१९२३ साली तो जर्मनीत, श्टुटगार्टला डाइमलरकडे गेला. मर्सिडीजच्या त्या काळातल्या गाजलेल्या सुपरचार्जर लावलेल्या गाड्या त्याच्याच देखरेखीखाली घडल्या. १९२४ साली मर्सिडीजने सिसिलीतली अवघड टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली.

पण गड्याचा स्वभाव तापट. मनासारखं झालं नाही की चिडायचा, आणि मालकांचे पैसे खर्च करताना हात आखडता घ्यायचा नाही. त्याला सगळ्यांसाठी एक छोटी, स्वस्त गाडी बनवायची होती. कंपन्यांना श्रीमंतांसाठी मोठ्या गाड्या हव्या होत्या. डाइमलर-बेन्झशी फाटलं, मग श्टायर कंपनीत गेला, तर जागतिक मंदीने तिथलंही बस्तान उठवलं.

पोर्शे कंपनीचा विसरलेला भागीदार

शेवटी १९३१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पोर्शेने श्टुटगार्टमध्ये स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. आजची पोर्शे कंपनी ती हीच.

या कंपनीत तीन भागीदार होते. पोर्शेकडे ८० टक्के, जावई अँटन पिएक याच्याकडे १० टक्के आणि अडॉल्फ रोझेनबर्गर याच्याकडे १० टक्के. रोझेनबर्गर हा नावाजलेला रेसिंग ड्रायव्हर आणि पैशाचं गणित सांभाळणारा माणूस. सुरुवातीच्या कडकीच्या दिवसांत कंपनीला पैसा उभा करून देण्यात त्याचा मोठा हात होता.

पण रोझेनबर्गर ज्यू होता.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. रोझेनबर्गरने व्यवस्थापकपद सोडलं. १९३५ साली त्याचा हिस्सा दर्शनी किमतीला पोर्शे कुटुंबाकडे गेला. तोवर कंपनीला सरकारी कामं मिळू लागली होती, म्हणजे हिश्शाची खरी किंमत कितीतरी जास्त होती. त्याच वर्षी त्याला अटक होऊन छळछावणीत टाकलं गेलं. सुटल्यावर तो देश सोडून गेला आणि शेवटी अमेरिकेत नाव बदलून राहिला.

युद्धानंतर त्याने दाद मागितली. १९५० साली ५० हजार मार्क आणि एक गाडी देऊन प्रकरण मिटवण्यात आलं. कंपनीत मात्र त्याला परत जागा मिळाली नाही.

जनतेची गाडी, जी जनतेला मिळालीच नाही

पोर्शेचं स्वस्त गाडीचं स्वप्न ज्याने पूर्ण करायचं मनावर घेतलं तो माणूस होता अडॉल्फ हिटलर.

प्रत्येक जर्मन कुटुंबाला परवडेल अशी गाडी हिटलरला हवी होती. किंमत ठरली ९९० मार्क. १९३४ साली पोर्शेला कंत्राट मिळालं आणि त्यातून जी गाडी जन्मली ती म्हणजे फोक्सवॅगन, पुढे बीटल म्हणून जगाने डोक्यावर घेतली ती.

बीटलचं श्रेय एकट्या पोर्शेचं आहे का, यावर वाद आहे. मागे इंजिन, गोलाकार बॉडी ही कल्पना चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीचा डिझायनर हान्स लेडविंका आधीपासून राबवत होता. टाट्राने पेटंटवरून दावाही ठोकला होता. पण जर्मनीने चेकोस्लोव्हाकियाच गिळंकृत केला आणि दावा जागच्या जागी थांबला. युद्धानंतर, १९६० च्या दशकात, फोक्सवॅगनने टाट्राला भरपाई देऊन हा वाद मिटवला.

पोर्शे १९३७ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. पुढे एसएस या संघटनेतही त्याला पद मिळालं. तो फक्त इंजिनिअर होता, राजकारणाशी त्याला देणंघेणं नव्हतं, असं त्याच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. पण हिटलरपर्यंत थेट पोच असलेला आणि तिचा पुरेपूर वापर करणारा इंजिनिअर होता हेही तितकंच खरं.

१९३८ साली कारखान्याची पायाभरणी झाली. लोकांसाठी योजना आली, दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तिकेत चिकटवायचं आणि पुस्तिका भरली की गाडी घेऊन जायची. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले.

त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही.

युद्ध सुरू झालं आणि कारखाना सैन्याच्या गाड्या बनवू लागला. तिथे काम कोण करत होतं? पकडून आणलेले पोलिश, सोव्हिएत, फ्रेंच मजूर, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी. सगळे मिळून साधारण २० हजार माणसं या कारखान्यात जबरदस्तीने राबली. मजूर बायकांची तान्ही मुलं त्यांच्यापासून तोडून वेगळ्या ठिकाणी ठेवली जायची आणि तिथे शेकडो बाळं दगावली.

कारखान्याचे प्रमुख होते पोर्शे आणि त्याचा जावई पिएक.

हायब्रिड परत आली, पण रणगाड्यात

याच युद्धात पोर्शेला आपली जुनी आवडती कल्पना परत आठवली.

हिटलरला टायगर नावाचा भारी रणगाडा हवा होता. हेन्शेल कंपनी आणि पोर्शे अशी दोघांत स्पर्धा लागली. पोर्शेने जे डिझाइन दिलं ते बघून १९०० सालचा कुणीही माणूस ओळखला असता. दोन पेट्रोल इंजिनं, त्यांना जनरेटर आणि पट्टे फिरवायला विजेच्या मोटरी. म्हणजे सेम्पर व्हिवसच, फक्त अंगावर पोलाद चढवलेली.

१९४२ सालच्या एप्रिलमध्ये, हिटलरच्या वाढदिवशी, दोन्ही रणगाडे त्याच्यासमोर आणले गेले. पोर्शेचा रणगाडा सारखा बंद पडत होता, इंजिनं तापत होती आणि मोटरींसाठी लागणारं तांबं जर्मनीकडे मुबलक नव्हतं. कंत्राट हेन्शेलला गेलं.

पण पोर्शेने निकालाआधीच नव्वदच्या आसपास सांगाडे बनवायला टाकले होते. त्यांचं करायचं काय? त्यावर मोठी तोफ बसवून रणगाडे मारणारी गाडी बनवली गेली आणि तिला नाव दिलं गेलं फर्डिनांड. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ती उतरली. तोफ दमदार होती, पण ६५ टनांचं धूड सुरुंगांवर अडकायचं, बंद पडायचं आणि जवळ आलेल्या पायदळाला रोखायला तिच्यावर मशीनगनच नव्हती.

त्यानंतर पोर्शेने माउस नावाचा तब्बल १८८ टनांचा रणगाडा बनवला. त्यातही इंजिनाने वीज आणि विजेने मोटर हीच पद्धत. त्याचे दोनच नमुने झाले.

धुराचा त्रास कमी करायला निघालेली कल्पना चाळीस वर्षांत इथवर पोचली होती.

अटक, जामीन आणि पहिली पोर्शे

युद्ध संपलं. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शेला वाटाघाटीला बोलावलं आणि अटक केली. मुलगा फेरी आणि जावई पिएक यांनाही धरलं. आरोप होते युद्धकाळात फ्रान्समधल्या प्यूजो कारखान्याशी केलेल्या वागणुकीचे. फेरी लवकर सुटला. म्हातारा पोर्शे मात्र सत्तरीत दिजाँच्या थंडगार तुरुंगात पडून राहिला. त्याची तब्येत तिथे ढासळली ती ढासळलीच.

बापाला सोडवायचं तर पैसे हवेत. फेरीने इटलीतल्या सिसितालिया कंपनीसाठी एक रेसिंग कार डिझाइन करायचं काम घेतलं. त्या पैशातून दहा लाख फ्रँकचा जामीन भरला आणि १ ऑगस्ट १९४७ रोजी पोर्शे आणि पिएक सुटले. पुढे फ्रेंच न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. कारखान्यात राबवलेल्या मजुरांसाठी मात्र त्याच्यावर कधी खटला चालला नाही.

१९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात, एका जुन्या लाकूड गिरणीच्या आवारात, फेरीने पोर्शे नाव लावलेली पहिली स्पोर्ट्स कार बनवली. मॉडेल नंबर ३५६. त्याच वर्षी फोक्सवॅगनशी करार झाला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बीटलमागे पोर्शे कंपनीला रॉयल्टी सुरू झाली. आजच्या पोर्शे कंपनीचा पाया या पैशावर उभा राहिला.

१९५० च्या शेवटी पोर्शे वोल्फ्सबुर्गचा कारखाना बघायला गेला. बीटल आता खरोखर जनतेची गाडी झाली होती. त्यानंतर काही दिवसांतच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, श्टुटगार्टमध्ये तो गेला. बीटल मात्र २००३ पर्यंत बनत राहिली, २ कोटी १० लाखांहून जास्त.

आणि चाक परत फिरून तिथेच आलं

२०११ साली जिनेव्हाच्या मोटर शोमध्ये पोर्शे कंपनीने आपली नवी पॅनामेरा हायब्रिड आणली. तिच्यासोबत लाकडी चाकांची एक विचित्र गाडी उभी होती. ती होती सेम्पर व्हिवस. जुनी रेखाचित्रं आणि फोटो धुंडाळून कंपनीने ती पुन्हा बनवून घेतली होती, आणि ती चालत पण होती.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, पॅनामेरा एस ई-हायब्रिड आली. घरच्या प्लगला लावून चार्ज होणारी लक्झरी सेडान. ९.४ किलोवॉट-अवरची लिथियम बॅटरी, इंजिन आणि मोटर मिळून ४१६ हॉर्सपॉवर आणि नुसत्या विजेवर साधारण ३६ किलोमीटरपर्यंतचा पल्ला. लक्झरी गटातली जगातली पहिली प्लग-इन हायब्रिड अशी तिची जाहिरात झाली.

गंमत बघा, ३६ किलोमीटर. १९०० सालची लोनर-पोर्शे शिशाच्या बॅटरीवर ५० किलोमीटर जायची. अर्थात ती सायकलच्या जरा पुढच्या वेगाने आणि ही विमानाच्या थाटात. पण बॅटरी मोठी करायची की सोबत इंजिन ठेवायचं, हा हिशोब तेव्हाही होता आणि आजही आहे.

या माणसाचा धागा आपल्याकडेही आलाय. ज्या फोक्सवॅगनची पहिली गाडी त्याने बनवली तिचा कारखाना २००९ पासून पुण्याजवळ चाकणला आहे. ज्या मर्सिडीजचा तो एकेकाळी तांत्रिक प्रमुख होता तिचाही कारखाना तिथेच आहे.

त्यामुळे प्लग-इन हायब्रिड घ्यायचा विचार असेल तर पोर्शेने १९०० साली केलेलं गणित आजही कामाला येतं. रोजचा प्रवास किती? तो बॅटरीच्या पल्ल्यात बसतो का? घरी, पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आहे का? तिन्हीची उत्तरं जमत असतील तर गाडी आठवडाभर विजेवर पळेल आणि सुट्टीत गावाला जाताना पेट्रोलवर. चार्जच करणार नसाल तर मात्र जड बॅटरीचं ओझं फुकट वाहत फिराल, त्या १,८०० किलोच्या शिशासारखं.

राहिला पोर्शे. बॅटरीचं वजन किती आणि पल्ला किती, याचा हिशोब त्याच्याइतका चोख फार थोड्यांना जमला. आपण हे कुणासाठी बनवतोय आणि कुणाच्या हातांनी बनवून घेतोय, हा हिशोब मात्र त्याने कधी मांडलाच नाही. सेम्पर व्हिवसची प्रतिकृती आज कौतुकाने दाखवली जाते. त्याच माणसाच्या गोष्टीत रोझेनबर्गर आहे, तिकिटं चिकटवलेल्या ३ लाख ३६ हजार पुस्तिका आहेत आणि ती २० हजार माणसंही आहेत. गाडीचं कौतुक करताना तेवढं लक्षात असलेलं बरं.